ढोलीतली सगुणा

दिवाळीची सुटी संपून गाडी जुंपली तेव्हा सगुणा आईच्या पदराला धरून अंगणात आली. धाकटी बहीण माझी, तेव्हा नऊ वर्षांची; मला बाई म्हणायची. गाडीच्या दांडीवरून हात सरकवत तिनं माझा चेहरा शोधला, बोटांनी चाचपला. "किती गुळगुळीत हाय वो बाई," म्हणाली आणि हसली. मग हळूच, "त्या दिवशी त्या मानसाले तू इंग्रजीत काय म्हनली होती?"

"काही नाही," मी म्हटलं. बैल चालू लागले. तलावाची पाळ ओलांडेपर्यंत मी मागं पाहिलं नाही.

मामांनी लहानपणी नागपूरच्या ज्या मिशन शाळेत मला घातलं, तिथंच आता मी शिकवते. एक लोखंडी खाट, एक ट्रंक, रविवारी दोन तास बाहेर जायची परवानगी. रोज सकाळी असेम्ब्लीत मुलींकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचं काम माझं. देव प्रेमळ आहे, तो सर्व पाहतो.

सगुणा विचारत होती तो दिवस उन्हाळ्याच्या सुटीतला. देवी टोचणारा सरकारी माणूस आमच्या नवेगावात आला होता. टोचून घेतलं तर माता कोपते, असं आई मानायची. मला शाळेत टोचलं, म्हणून तिनं वर्षभर शुक्रवार धरले होते. तिनं सगुणाला धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत, त्या मोठ्या कणगीत, बसवलं आणि वर सूप झाकलं. घरात दुसरं पोर नाही, असं आईनं सांगितलं, पण माणसाचा तिच्यावर विश्वास बसेना. तो माझ्याकडे वळला. "बेटी, तुम तो पढ़ी-लिखी हो. और कोई बच्चा है घर में?"

आई माझ्याकडे बघत होती.

"नो, सर."

इंग्रजी ऐकून तो खूश झाला आणि पुढच्या घरी गेला. "कायले शिकवता म्हनत होते लोक," आई म्हणाली, "आलं ना कामी!"

मी शाळेत परतले आणि आषाढात सगुणाला देवी आल्या. घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंब. दिवाळीत गेले तेव्हा आई म्हणाली, "जीव ठेवला मातेनं, डोळे तेवढे नेले. माय हाय ते." शाळेतल्या गोऱ्या बाई म्हणाल्या, देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच परीक्षा घेतो. दोघींच्या उत्तरात मी कुठंच नव्हते.

सगुणाला पत्र लिहिलं की ते गावचे मास्तर ओसरीवर मोठ्यानं वाचतात आणि आई शेजारी बसून ऐकते. टोचलं असतं तर डोळे वाचले असते, हे खरं लिहिलं तर आईपाशी तिची देवीमाताही उरणार नाही. म्हणून मी हवापाणी लिहिते. सगुणा मास्तरांकडून उलट लिहवून घेते, "बाई, मी विचारलं होतं ते तू सांगतलंच नाही."

परवा एका मुलीनं विचारलं, "मिस, देव सगळं बघतो, मग बोलत का नाही?" मी तिला खाली बसवलं.

त्या दिवशी सगुणा कुठं आहे हे मला ठाऊक होतं. माझा तिच्यावर जीव होता. तरी मी बोलले नाही. देवाचंही असंच असेल, तर त्याला माफ करताना मला स्वतःलाही करावं लागेल. ते होत नाही. प्रार्थना मात्र रोज होते.

घर म्हटलं की तलाव, धानाची बांधी, काही आठवत नाही. ढोली आठवते. सुपाखाली अंधारात श्वास धरून बसलेली पोर, आणि बाहेर आपली बाई उभी आहे हे आवाजावरून ओळखून निर्धास्त झालेली.