सुनंदावहिनींची अधेली

बँकेत लोक चिल्लर घेऊन जातात आणि नोटा घेऊन येतात. सुनंदावहिनींचं उलटं होतं. दर सोमवारी सकाळी त्या कोऱ्या नोटा घेऊन जायच्या आणि प्लास्टिकच्या सीलबंद पिशव्यांतून चिल्लर घेऊन यायच्या. घरी आल्यावर डायनिंग टेबलावर जुनी चादर पसरायची, पिशवी फोडायची आणि एकेक नाणं उलटून बघायचं. बघून झालं की बहुतेक सगळी नाणी पुढच्या सोमवारी परत बँकेत. मागे राहायची ती दोन-चार.

लग्न होऊन मी कुवेतला आले ती चौऱ्याण्णव साली. सलवामधल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारावर 'पाठक' अशी मराठी पाटी बघून मला अर्धं हायसं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. दारात पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. हातात लोणच्याची बाटली.

"मी समोरची. सुनंदा पाठक. आमचे हे आणि तुझा नवरा एकाच रिफायनरीत. लोणचं घे. आणि घरात चिल्लर असेल तर जरा दाखवतेस का?"

मला वाटलं, यांना सुटे हवे असतील. मी वाटीत साठवलेली नाणी पुढे केली. त्यांनी चष्मा खाली ओढला, सोफ्यावर मांडी घातली आणि अर्धा तास त्या आमची चिल्लर बघत बसल्या. मग वाटी जशीच्या तशी परत दिली. "काही नाही यात. असू दे. बघून घेतलेलं बरं असतं." हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं असेन कोण जाणे. भाजीवाल्याकडे भेंडी निवडताना, मुलीला ताप आला म्हणून डॉक्टरकडे नेताना, सगळीकडे त्यांचं तेच. बघून घेतलेलं बरं असतं.

त्या कुवेतची अगदी पहिल्या वर्षीची नाणी शोधत असत. इथली सगळी नाणी तशी सारखीच दिसतात, एका बाजूला शिडाचं गलबत आणि दुसऱ्या बाजूला आकडा. पण पहिल्या वर्षीच्या नाण्यांवर देशाच्या नावाआधी एक शब्द जास्त आहे. तो ओळखण्यापुरतं अरबी त्या शिकल्या होत्या.

या नादामागची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. नव्वद सालापर्यंत पाठक कुवेतमधल्याच हवल्ली भागात राहायचे. तिथे वहिनींनी बरणीभर नाणी जमवली होती. ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या आणि नवराबायको, शाळकरी मुलगा, दोन बॅगा एवढं घेऊन वाळवंटातून जॉर्डनमधलं अम्मान आणि तिथून विमानानं मुंबई. युद्ध संपल्यावर पाठकभाऊजींना कंपनीनं परत बोलावलं. वहिनी आल्या तेव्हा हवल्लीच्या घरात भिंती तेवढ्या शिल्लक होत्या. बरणीसुद्धा गेली होती.

"भांडी गेली, फ्रीज गेला, त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. शेजारपाजारच्यांनीच नेलं की सैनिकांनी, मला माहीत नाही. माहीत नसल्यामुळे सगळ्यांवरच संशय येतो. लिफ्टमध्ये कुणी हसलं तरी वाटतं, माझा मिक्सर तुझ्याकडे तर नाही?"

हे त्या हसत सांगत होत्या, पण ते खरं होतं. परत आल्यापासून मराठी घरं सोडून त्या कुणाच्याही घरी जात नसत. मुलाला त्यांनी पुण्याला होस्टेलवर ठेवलं होतं आणि दर वर्षी भाऊजींना सांगायच्या, "हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी मी नाशिकला जाते, तुम्ही इथे राहा." भाऊजी मान हलवायचे. त्यांना माहीत होतं, एक दिवस ही खरंच जाईल.

एका सोमवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. चादरीवर पन्नास फिल्सची नाणी पसरली होती (हजार फिल्सचा एक दीनार) आणि त्यांच्या तळहातावर एक वेगळंच नाणं होतं. आकारानं जवळपास तेवढंच, पण रंग काळपट. एका बाजूला इंग्रजांच्या राजाचं डोकं.

"अधेली," त्या म्हणाल्या. "आपली. अर्धा रुपया. ऐक." त्यांनी ती फरशीवर टाकली. बाकीची नाणी खट् वाजतात, हिचा नाद लांबला. "चांदी आहे."

मी म्हटलं, "वहिनी, लॉटरी लागली तुम्हाला."

त्यांनी मात्र ती उचलून पदरानं पुसली. म्हणाल्या, "अगं, ही कुणी मुद्दाम खर्चली नसणार. कुणाच्या तरी घरातल्या डब्यातली आहे. पोरांनी नेली असेल दुकानात, पन्नास फिल्स समजून. तिथे ती म्हातारी डबा शोधत असेल."

कुठली म्हातारी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन बँकेत गेल्या. बायकांच्या काउंटरवर बशायर नावाची तरुण कुवेती मुलगी बसायची. चिल्लरवाल्या बाई म्हणून ती वहिनींना ओळखत होती. वहिनींनी अधेली काचेखालून सरकवली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हे तुमच्या पिशवीत आलं. हे माझं नाही. ज्याचं असेल त्याला द्या."

बशायरनं सांगितलं की पिशव्या अनेक दुकानांतून येतात, मालक सापडणं शक्य नाही. मग तिनं नाणं हातात घेतलं आणि थांबली. "माझी आजी याला रुबिया म्हणते. तिच्याकडे अशी होती. मी तिला दाखवायला नेऊ का?"

"ने की," वहिनी एकदम मराठीत म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी बशायरनं निरोप दिला. नाणं आजीचं नव्हतं. पण ते परत करायला आलेली बाई कोण आहे ते आजीला बघायचं होतं. घरी बोलावलं होतं.

वहिनी दोन दिवस घुटमळत होत्या. "अनोळखी घर. मी काय बोलणार तिथे?" भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "बघून घेतलेलं बरं असतं, असं तूच म्हणतेस ना?" त्या रागानं उठून गेल्या आणि थोड्या वेळानं मला विचारायला आल्या, "तू येशील का गं सोबत?"

जुन्या वस्तीतलं मोठं घर होतं. आत बायकांच्या बैठकीत धुपाचा दाट वास. गादीवर काळ्या पोशाखातली, हाताला मेंदी लावलेली एक वृद्धा बसली होती. उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई. तिथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावानंच हाक मारतात. आम्ही वाकून सलाम केला. तिनं वहिनींना जवळ बसवलं आणि स्पष्ट विचारलं, "मुंबई से आया?"

म्हातारी चक्क हिंदीत बोलत होती.

उम्म खालिदचे वडील मोत्यांचे व्यापारी. गलबतानं मुंबईला यायचे. लहानपणी काही वर्षं ती मुंबईतच राहिली होती, मोहम्मद अली रोडच्या मागे कुठेतरी. तिचं हिंदी साठ वर्षं डब्यात ठेवल्यासारखं होतं, मोडकं पण स्वच्छ. "हमारा टाइम में इदर सब रुपिया चलता था," ती म्हणाली. "दीनार बाद में आया. अब्बी बी हम पैसा को बीझा बोलता. तुमारा पैसा, हमारा बीझा. एकीच है."

कॉफीचे कप रिकामे झाले की पुन्हा भरत होते. वहिनी नको म्हणायला लाजत होत्या आणि पीत होत्या. शेवटी बशायरनं हसून दाखवलं की कप जरा हलवून परत दिला की पुरे असा अर्थ होतो. "मघाशीच सांगायचंस ना," वहिनी म्हणाल्या, आणि ती कडू कॉफी पिऊन लाल झालेल्या चेहऱ्यानं स्वतःच हसायला लागल्या. कुवेतमध्ये परक्या घरात त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

निघताना अधेलीवरून वाद झाला. उम्म खालिदनं ती वहिनींच्या हातात ठेवली. वहिनींनी परत तिच्या हातात. हळदीकुंकवाला ब्लाउजपीस जसं दोघींच्यात फिरतं तशी ती अधेली फिरली. शेवटी म्हातारीनं वहिनींची मूठ बंद केली. "तुम रखो. हमको देखने का होगा तो तुम लेके आएगा."

तेव्हापासून वहिनींचे सोमवार बदलले. बँक, आणि बँकेतून तिकडे. कधी अळूवडी घेऊन जात, कधी येताना खजूर घेऊन येत. उम्म खालिदला आठवणाऱ्या मुंबईतलं निम्मं आता उरलं नव्हतं, पण वहिनी तिला तसं सांगत नसत. "तिची मुंबई चांगली आहे, मी तिच्यातच जाते," असं मला म्हणाल्या. 'हे वर्ष शेवटचं' हे बोलणं कधी बंद झालं ते भाऊजींच्याही लक्षात आलं नाही. एकदा त्यांनीच मला हळूच विचारलं, "हल्ली नाशिकचा विषय निघत नाही, नाही?"

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये इराकवर पुन्हा युद्ध येऊ घातलं. घराघरांत खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. मी मुलीला घेऊन आधीच पुण्याला आले होते. भाऊजींची ड्यूटी रिफायनरीतच, घरी येणं नाही. वहिनी एकट्या. त्यांनी बॅग भरली होती. मला फोनवर म्हणाल्या, "मला सायरनची भीती नाही. मला ते रिकामं घर पुन्हा बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बशायर भावाला घेऊन आली. आजीनं पाठवलं होतं. वहिनी नको नको म्हणत होत्या, तर बशायरनं त्यांची बॅग उचलली आणि भावानं गॅस, दिवे बंद केले. युद्धाचे ते दिवस वहिनी त्या घरात राहिल्या. सायरन वाजला की सगळी बायका-मुलं तळघरात जात, आणि उम्म खालिद वहिनींचा हात धरून बसायची. "मी शाकाहारी म्हणून त्यांनी वेगळं पातेलं काढलं गं," त्या मला सांगत होत्या. "म्हातारी सगळ्यांना बजावत होती, त्यात मटणाचा डाव फिरवायचा नाही."

पुढच्या हिवाळ्यात उम्म खालिद झोपेतच गेली. तोवर मी कुवेतला परतले होते, दुखवट्याला वहिनींबरोबर मीही गेले. ओळीनं काळे कपडे घातलेल्या बायका बसल्या होत्या. आम्हाला कुठे बसावं कळेना. उम्म खालिदच्या थोरल्या मुलीनं वहिनींना बघितलं, सरकून आपल्या शेजारी जागा केली. वहिनींनी अधेली पुढे केली तेव्हा ती म्हणाली, आईनं सांगून ठेवलंय, ती तुमचीच.

भाऊजी निवृत्त झाले आणि ते दोघं नाशिकला गेले. मी अजून कुवेतलाच होते. एका जानेवारीत वहिनींचा फोन आला. बशायर नवऱ्याला आणि मुलांना घेऊन भारत बघायला आली होती आणि आग्रा-बिग्रा सगळं आटपून मुद्दाम नाशिकला त्यांच्याकडे उतरली होती.

"चार दिवस राहिली गं. खाली पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली. पोरांनी तूप मागून मागून घेतलं. आमच्या सोसायटीत सगळे गॅलरीत येऊन बघत होते. देशपांडेबाई तर थेट घरी आल्या, साखर मागायचं निमित्त करून. म्हणाल्या, पाहुणे कोण हो तुमचे?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार," वहिनी म्हणाल्या. "माझी कुवेतची भाची आहे म्हटलं. माहेरपणाला आलीये."