जालन्याची जपानी तालीम

आम्ही जुने तालीमकरी एका ओट्यावर बसलो की कापसाच्या गंजीसारखं होतं. एक बोंड ओढावं तर पाच-सहा चिकटून येतात. बायको म्हणते, तेच ते किस्से किती वेळा सांगता? आता सांगितल्याने ते वाढतात, त्याला मी काय करू!

तेव्हा जालन्यात कचेरीत उर्दू, घरात मराठी, मोंढ्याच्या बाजारात मारवाडी आणि आमच्या तालमीत जपानी चालायची. जिनिंग कारखान्यावर कापूस खरेदीला एक जपानी साहेब दोन हंगाम राहून गेला. त्याच्याकडून आमचे सखाराम उस्ताद जपानकडची कुस्ती शिकले. साहेब गेला, डाव आणि वीसेक शब्द मागे राहिले. उस्ताद जाफराबादकडचे, धनगराघरचे. सही करता येत नव्हती, पण त्या वीस शब्दांना त्यांनी धक्का लावू दिला नाही.

मी एकदा विचारलं, हे मराठीत का नको? तर म्हणाले, "मंतर आन् डाव, घेतला तसाच द्यावा."

माझ्या वडिलांचं मत वेगळं होतं. "दरबारची उर्दू येत न्हाई, अन् जपानी शिकून राह्यलास," ते म्हणायचे.

०००

पहिला शब्द उकेमी. म्हणजे पडणं. पडताना हात जमिनीवर सपकन आपटायचा, म्हणजे हाड शाबूत राहतं. आमचा नारायण सहा महिने नुसता पडत होता.

मग तो बदनापूरला सासरी गेला आणि दारातच बैलगाडीतून पाय घसरला. पण काय पडला! दोन्ही हात बराबर जमिनीवर आपटले. फक्त त्या हातांत सासऱ्यांसाठी नेलेलं तुपाचं गाडगं होतं.

जावयाला खरचटलंसुद्धा नाही. सासूबाई मातीतलं तूप बघत एवढंच म्हणाल्या, "अजून थोडं कमी शिकले असते तरी चाललं असतं."

०००

दुसरा शब्द रेई. झुंजीच्या आधी आणि नंतर समोरच्याला कमरेत वाकून नमन. यात सूट नाही.

परतूरच्या आखाड्यात आमचा काशिनाथ उतरला, तेव्हा डफ वाजत होता, माणूस माणसावर चढला होता. काशिनाथ मधोमध उभा राहिला आणि शांतपणे कमरेत वाकला. समोरच्या पैलवानाला एवढी आयती मान जन्मात मिळाली नव्हती. त्याने ती धरली आणि काशिनाथला चीत केलं.

काशिनाथ माती झटकत बाहेर आला, तर उस्ताद रागावलेले. हरल्याबद्दल नाही. "शेवटची रेई कुठंय? जा, करून ये."

काशिनाथ परत गेला आणि वाकला. पैलवानाला वाटलं, गडी दुसरी कुस्ती मागतोय. त्यानेही नाही म्हटलं नाही.

०००

पुढे जपान इंग्रजांविरुद्ध लढाईत उतरला. शहरात नवे अमीनसाहेब आले होते, म्हणजे पोलिसांचे फौजदार. त्यांनी निरोप धाडला की दुश्मनाची जबान बंद, नाहीतर तालमीला कुलूप. उस्तादांना बायको नाही, पोर नाही. तालमीतच चूल, तालमीतच अंथरूण. कुलूप लागलं तर हा माणूस जाणार कुठे?

उस्तादांनी नाइलाजाने मराठी धरली. आम्ही आजवर "इची, नी, सान" या मोजणीवर पडत आलेलो. त्या दिवशी उस्तादांनी "एक, दोन, तीन" म्हटलं आणि पंधरा माणसं तशीच उभी!

"पडा की रे," उस्ताद म्हणाले.

"पडून राह्यलो उस्ताद," नारायण घामाघूम होऊन म्हणाला, "पर पाय ऐकून न्हाई राह्यले."

०००

आणि मग अमीनसाहेब स्वतःच तपासणीला आले. सोबत दौत-टाक आणि वही घेतलेला मुन्शी. अमीनसाहेबांनी कुठूनतरी आमच्या शब्दांची यादी मिळवली होती. खुर्चीत बसून त्यांनी ती अर्थासकट वाचून दाखवली. 'माइत्ता', म्हणजे 'हरलो, सोड', हा त्यातला शेवटचा शब्द. मग हुकूम सुटला की यातला एकही शब्द तोंडातून निघाला, तर मुन्शी तो नावासकट लिहील. ज्याचं नाव, तो सीधा हवालातीत, आणि तालमीला कुलूप.

आम्ही तासभर मुक्यासारखे खेळलो. नारायणचा हात पिरगळला गेला, तेव्हा त्याने ओठ चावून रक्त काढलं, पण शब्द काढला नाही. वही कोरीच राहिली. अमीनसाहेब कंटाळले, उठले आणि उस्तादांसमोर स्वतःचं मनगट पुढे केलं. यात एवढं आहे तरी काय, मला दाखव, म्हणाले.

उस्तादांनी आधी नाही म्हटलं. मग हुकूमच झाला, तेव्हा दोन बोटांत मनगट घेऊन जरासं वळवलं. अमीनसाहेब गुडघ्यावर आले.

"छोडो," ते म्हणाले. मग आणखी दोनदा म्हणाले.

उस्ताद रडकुंडीला आले होते. "हुजूर, त्यो शबुद ऐकल्याबिगर हात सुटत न्हाई. इतक्या वर्षांची सवय हाय. अन् शबुद तर आपुनच बंद केला."

अमीनसाहेबांचा चेहरा लालचा जांभळा झाला.

"माइत्ता!"

उस्तादांनी तत्क्षणी हात सोडला आणि कमरेत वाकून नमन केलं.

कोपऱ्यात मुन्शीने टाक दौतीत बुडवला, वही उघडली आणि अदबीने विचारलं, "हुजूर, नाम किसका लिखूँ?"