लॉगीनबायने बसवलेली दारं

समोरचा माणूस पासवर्ड टाइप करू लागला की लॉगीनबाय उठून पाठ फिरवायची. मग तो तिचा सख्खा भाऊ का असेना. हात मागे बांधून समुद्राकडे बघत राहायची आणि "झाला काय रे?" या प्रश्नाला उत्तर आल्याशिवाय वळायची नाही. आमच्या वाडीत शेजारच्या चुलीवर कोणता मासा शिजतोय ते वासावरून सांगतात. तिथे तिची ही तऱ्हा म्हणजे करमणूकच. नाव त्यातूनच पडलं.

तिची आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. ही पुण्यात संगणकाचं काम शिकून आली आणि कट्टा गावात क्लास चालवू लागली. तेव्हा मी आमच्या ज्ञातिमंडळाचा अध्यक्ष होतो. मंडळाच्या संकेतस्थळावर वधूवर नोंदणी, शिष्यवृत्ती, वैद्यकीय मदत, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड होता. लोक विसरायचे आणि मला फोन करायचे. ते काम तिच्याकडे दिलं. तिने प्रत्येक सभासदाला सगळ्यासाठी त्याचा स्वतःचा एकच पासवर्ड दिला. "घराची किल्ली एकच," ती म्हणायची, "पण आत गेल्यार जेची तेची खोली."

कोणी काय बघायचं हे ठरवायला ती घरोघर फिरली. "बाय, तुझी माहिती कोणी बघितली तर चलात?" एकीने सांगितलं, "सासू सोडून कोणाकव दाखव!" लॉगीनबाय पोट धरून हसली, पण तसंच करून दिलं.

मला मात्र वैद्यकीय मदतीचे अर्ज दिसेनात. ते फक्त मदत समितीला दिसत. मी चिडलो. "अध्यक्षालाच दार बंद?"

"काकानू, खुर्ची तुमची आसा. लोकांची दुखणी तुमची न्हय."

मी ठराव करून घेतला. तिने नाइलाजाने माझ्या पासवर्डला सगळ्या खोल्या उघडून दिल्या.

पुढे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मुंबईला गेलो. आमच्याकडे गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतात. झाडांना पाणी घालायला, दिवा लावायला. तसा मी शेजारच्या बाबल्याला पासवर्ड देऊन गेलो, नवे सभासद नोंदवायला. त्याने ते काम केलं आणि जाता जाता बाकीची दारंही उघडून बघितली. एका मुलीच्या उपचारांचे कागद त्याला दिसले. तिचं लग्न विजयदुर्गला ठरलं होतं. कुडाळच्या बाजारात मुलाचा मामा भेटला, तेव्हा बाबल्याने काळजीपोटी म्हणून ते सांगून टाकलं. लग्न मोडलं. दुखणं काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही.

मंडळाच्या सभेत मुलीचा बाप उभा राहिला. "ह्या भायर कोणी काढल्यान?" सगळ्यांच्या नजरा लॉगीनबायकडे वळल्या. दारं तिनेच बसवली होती ना!

ती शांतपणे म्हणाली, "काकांच्या पासवर्डान खोली उघडली. काकानू, पुढचा तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "मी तेव्हा मुंबईत होतो. डोळ्यावर पट्टी होती."

यातला शब्द न् शब्द खरा होता. मग मला काही विचारलंच गेलं नाही; पासवर्ड तिनेच करून दिलेला, म्हणजे खोलीही तिनेच उघडली असं सगळ्यांनी धरलं. बाबल्या खाली मान घालून बसला होता, आणि मीही.

तिचं काम काढून घेतलं. क्लासला मुली येईनाशा झाल्या. तिच्या आईच्या टोपलीकडे बायका बघेनात. कामधंद्यासाठी गोव्याला जायच्या आधी ती माझ्या पडवीत आली. वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "पासवर्ड बदला. बाबल्याक अजून म्हायत आसा. आणखी कोणाच्या पोरीचा वाटोळा नको."

मी "बरं" म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्या मुलीचा बाप लॉगीनबायला शाप देत गेला. मी त्याच्या तेराव्याला जेवून आलो, तरी बोललो नाही. म्हणून आता लिहितो: पासवर्ड मी दिला. तिचा काहीही दोष नव्हता.

तिचं खरं नाव इथे घालावं असं फार वाटलं. पण तिला विचारलेलं नाही. माझं मात्र पूर्ण नाव, वाडीसकट, लेखाखाली छापा असं संपादकांना सांगितलं आहे.