जुन्या डिस्कचे चाळीस दिवस

युनूसभाई गेल्याचं मला कळलं ते वजनकाट्यावर. सकाळच्या पाळीला कोळशाच्या ट्रकांची रांग लागलेली, आणि ऐन वेळी काट्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला. मी खाणीच्या टाइम ऑफिसातला बाबू, काही कामानं तिथून चाललो होतो, तर काट्यावरच्या माणसानं मला हटकलं. म्हणाला, आता कोणाला बोलवायचं सांगा, युनूस मिस्त्री तर काल नागपूरच्या दवाखान्यात वारला... त्यानं ते इतकं सहज सांगितलं की मीही सहजच मान हलवली आणि चंद्रपूरच्या एका दुकानाचं नाव सुचवून पुढे निघालो. ऑफिसात येऊन हजेरीपट उघडला तेव्हा मात्र हातातला पेन चालेना. घरी फोन करावा असं वाटलं, पण बायकोला काय सांगणार होतो? तिच्यापुढे त्या माणसाचं नाव काढायची सोय चार वर्षांपूर्वीच संपली होती, आणि ती मीच संपवली होती.

युनूसभाईंचं दुकान घुग्घुसच्या बसस्टँडमागे, एका गॅरेजला लागून. आधी ते रेडिओ, टेप दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर आले तसे तेही स्वतःच उघडून, जोडून शिकले. आमच्या गावात कॉम्प्युटर बिघडतो तो नव्वद टक्के धुळीनं. डबा उघडला की आत काळी मऊ गादी जमलेली असते. युनूसभाई तोंडाला रुमाल बांधायचे, ब्लोअर लावायचे आणि मग मिशीपर्यंत काळे होऊन बाहेर येऊन खोकत बसायचे. "खदानीत न जाता खदान खाऊन राह्यलो, बाबू," असं म्हणायचे. तेव्हा आम्ही हसायचो. त्याच खोकल्यानं शेवटी त्यांना नेलं.

कामात त्यांचे दोन नियम होते. पहिला, दुसऱ्याची मेल वाचायची नाही. जुन्या कॉम्प्युटरवरची पत्रं नव्यावर न्यायची असली की ते पडदा मालकाकडे फिरवायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायचे. मालकानं पत्रं बघायची, आकडा सांगायचा. जुन्यावर इतकी, नव्यावर इतकी, जुळलं की काम झालं. दुसरा नियम जास्त चमत्कारिक वाटायचा. सगळं नव्या मशीनवर नेल्यावरही जुनी डिस्क ते चाळीस दिवस पुसायचे नाहीत. त्यावर मालकाचं नाव लिहून कपाटात ठेवून द्यायचे. काय राहून गेलं ते माणसाला लगेच कळत नाही, हळूहळू एकेक आठवतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात कोणी गेलं तर चालीसवा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, होईपर्यंत त्याचे कपडे, त्याची भांडी कोणाला देत नसत. तीच रीत त्यांनी डिस्कला लावली होती. आमच्या खाणीच्या कॉलनीत याची थट्टा व्हायची, आणि थट्टा करणाऱ्यांत मी पुढे असायचो.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो प्रज्ञामुळे. प्रज्ञा आमची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकून मस्कतच्या एका दवाखान्यात लागली. जाण्याआधी तिनं हट्टानं कॉम्प्युटर घ्यायला लावला, फोनच्या तारेवर तो कसा जोडायचा ते मला शिकवलं, आणि आईलाही शिकवलं. माझी बायको कमल सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ती बोट ठेवून वाचायची. प्रज्ञाची मला आठवड्याला एक मेल यायची. ड्यूटी, पगार, तब्येत, उन्हाळा. कमल दुपारी कॉम्प्युटरपुढे बसते हे मला माहीत होतं. मला आलेल्याच मेल पुन्हा पुन्हा वाचत असेल, असं मी धरून चाललो होतो. तीन वर्षांनी दवाखान्याची गाडी उलटली आणि आमची मुलगी नागपूरच्या विमानतळावर पेटीतून उतरली. त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

त्या काळी मेल एकदा आपल्या कॉम्प्युटरवर उतरवली की वर कुठे तिची प्रत राहायची नाही. जे काही होतं ते त्या एका डब्यात होतं. तो डबाही म्हातारा झाला, मधेच बंद पडू लागला, तेव्हा मी नवा घेतला आणि दोन्ही युनूसभाईंच्या दुकानात नेऊन ठेवले. त्यांनी दोन्ही डिस्क एका डब्यात जोडल्या, नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. मी मोजलं, आकडा जुळला. मी पत्रं बंद केल्यावर ते पडद्याकडे वळले आणि म्हणाले, "बाबू, इथी दोन फोल्डर दिसून राह्यले. एक तुमचा. दुसरा कोनाचा हाय? मी उघडून पाहू शकत नाई." मी म्हणालो, सुरुवातीला शिकताना काहीतरी झालं असेल, रिकामा असेल, सोडून द्या. त्यांनी सोडून दिला. डिस्क चाळीस दिवस कपाटातच राहणार होती, त्यामुळे त्यांना त्याची घाई नव्हती.

घाई मला होती. आमच्या बुद्धविहारात मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू व्हायचा होता, आणि प्रज्ञाच्या स्मृतिदिनी तिच्या नावानं जुना कॉम्प्युटर देतो, असं मी समितीत सगळ्यांपुढे बोलून बसलो होतो. पाटीसुद्धा रंगवून झाली होती. नवा डबा घरी येऊन पाचसहा दिवस झाले असतील. मी दुकानात जाऊन सांगितलं, जुनी डिस्क पुसा, मुलांचे प्रोग्राम टाका, परवा कार्यक्रम आहे. युनूसभाई नाही म्हणाले. आठ दिवस द्या, नागपूरहून दुसरी डिस्क मागवतो, म्हणाले. मी ऐकेना. मग ते म्हणाले, "मी डिस्क घेऊन घरी येतो. भाभीले एक डाव इचारून घ्या, मंग पुसतो." मी म्हणालो, तिला काय कळतं त्यातलं. तरी त्यांची मान हलेना, तेव्हा माझा तोल गेला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तुमचे चाळीस दिवस तुमच्या घरी ठेवा. आमच्यात ते नाही."

कपाट उघडून युनूसभाईंनी डिस्क काढली, माझं नाव लिहिलेली पट्टी नखानं सोलली आणि कामाला बसले. आज इतक्या वर्षांनीही मला तो पट्टी सोलतानाचा त्यांचा चेहरा दिसतो... राग असता तर बरं झालं असतं.

कार्यक्रम चांगला झाला. हार झाले, माझं भाषणही झालं. नव्या कॉम्प्युटरला मी शिकवल्याशिवाय हात लावू नको, असं मी कमलला बजावलं होतं, म्हणून ती तोवर त्याच्यापुढे बसलीच नव्हती. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून आलो तर ती पडद्यासमोर नुसती बसून होती. तिनं विचारलं, "माह्यं खातं कुठी हाय?" मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं की मेलच्या प्रोग्राममध्ये वर एका ठिकाणी माणूस बदलायची सोय होती. प्रज्ञानं जाण्याआधी तिथे आईच्या नावानं वेगळं खातं करून दिलं होतं. तीन वर्षं मुलगी आईला वेगळी पत्रं लिहीत होती. किती होती ती पत्रं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "रोजच लिवे ते."

मी तसाच चपला अडकवून बसस्टँडमागे गेलो. युनूसभाईंनी ऐकून घेतलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. 'मी विचारलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. दुकान बंद करून विहारात गेले, ती डिस्क काढून आणली आणि आठवड्याभरात स्वतःच्या खर्चानं तिथे दुसरी बसवली. पण मुलांचे प्रोग्राम त्या डिस्कवर चढले होते. जुन्यावर नवं लिहिलं गेलं की खालचं निघणं कठीण असतं, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं. तीन आठवडे प्रयत्न केले. मग एका संध्याकाळी आमच्या घरी आले, चप्पल बाहेर काढली, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "भाभी, माह्या हातून चूक झाली. मी नीट पाह्यलं नाई," असं म्हणून उभेच राहिले. मी तिथेच दाराला टेकून उभा होतो. त्या क्षणी मला दोन शब्द बोलायचे होते, फार नाही. मी बोललो नाही. कमल आत निघून गेली आणि पाठोपाठ दार लागल्याचा आवाज आला.

पुढे कॉलनीत बोभाटा झाला. दुर्गेबाबूच्या मेलेल्या पोरीच्या चिठ्ठ्या त्या मिस्त्रीनं मिटवल्या, असं बायका नळावर बोलू लागल्या. कोणी त्यात त्यांची जातही काढली. लोकांनी त्यांच्याकडे मशीन देणं बंद केलं. राहिली ती वजनकाट्याची आणि ट्रकवाल्यांच्या ऑफिसांची कामं. हे सगळं मी कानांनी ऐकलं आणि चहा पीत बसलो. मी भित्रा माणूस आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, कोण उशिरा आला त्याच्या नावापुढे लाल खूण केली... स्वतःच्या नावापुढे करायची हिंमत कधी झाली नाही.

एकदाच मी त्यांना विचारलं, माझी चूक तुम्ही स्वतःवर का घेतलीत? रस्त्यात भेट झाली होती, त्यांना धाप लागली होती, म्हणून आम्ही गॅरेजच्या ओट्यावर बसलो. बराच वेळ ते श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "मशीनवाल्याले मानूस शिव्या देते, आन् दुसरा मशीनवाला पाहते. तुमाले त्या बाईसंगं एकाच घरात राहाचं हाय, बाबू." त्यानंतर त्यांची तब्येत ढासळतच गेली. नागपूरला नेल्याचं कळलं तेव्हा भेटायला जायचं मी तीनदा ठरवलं, आणि तिन्ही वेळा पाळीचं निमित्त काढलं.

त्यांच्या चालीसव्याला मी गेलो. जेवणं झाल्यावर त्यांच्या पत्नीनं, जमीलाबींनी, मला आत बोलावलं आणि फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क हातात दिली. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर दुकान बंद असायचं, तेव्हा ते ही डिस्क घेऊन बसायचे, असं त्यांनी सांगितलं. नागपूरहून कोणी नवा प्रोग्राम आणला की लावून पाहायचे. फडक्यात एक घडी केलेला कागद होता. त्यावर त्यांच्या हातच्या नुसत्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे एक फुली. शेवटची तारीख नागपूरला नेण्याच्या आधीच्या शुक्रवारची होती. एक अक्षरही परत मिळालेलं नव्हतं. जमीलाबींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं; त्यांनी मला उलट विचारलं, की एवढं काय होतं त्यात?

त्या दिवशी घरी येऊन मी ती डिस्क कमलपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. दोन फोल्डरचं, घाईचं, दुकानात काय बोललो त्याचं. तिला काय कळतं, असं म्हणालो होतो, तेही सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, की मले इचारा असं तो म्हनला व्हता काय? मी हो म्हणालो. मग म्हणाली, "चार वर्षं मी त्या मानसाले पान्याचं इचारलं नाई. तो रस्त्यानं दिसला का मी तोंड फिरवो." दुसऱ्या दिवशी ती एकटीच जमीलाबींकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. आल्यावर म्हणाली, कॉलनीभर त्याचं नाव खराब झालं, आता कॉलनीभर वाचलं पाहिजे. पेपरात लिवा, तुमचं नाव टाकून लिवा.

म्हणून हे लिहिलं. माझं नाव वामन दुर्गे. माझ्या मुलीची पत्रं युनूसभाईंनी पुसली नाहीत, मी पुसून घेतली. त्यांनी मला दोनदा थांबवलं होतं.

ती डिस्क कमलनं शिलाई मशीनच्या खणात ठेवली आहे, रिळांच्या बाजूला. बटण लावायला बसली की खण उघडते, जरा बघते, मग सुई शोधते. परवा ती अशीच बसली होती तेव्हा मी धीर करून विचारलं, की प्रज्ञा तुला काय लिहायची गं? इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारत होतो. तिनं दोरा ओवला, गाठ मारली.

"तवा इचाराचं व्हतं," असं म्हणून तिनं खण लावून घेतला.