दिवस मावळायच्या आत

माझ्या आत्याला राग फार पटकन यायचा. दुधात पाणी दिसलं की यायचा, वरच्या मजल्यावरच्यांनी मोटर चालू ठेवून टाकी वाहू दिली की यायचा, आणि चर्चमध्ये उपासना चालू असताना कुणी मोबाइल पाहताना दिसलं की तिच्या नाकाचा शेंडा लालच व्हायचा. ती स्वतःच म्हणायची, "देवाने मला शांत स्वभाव दिलेला नाही. तो मला रोज सकाळी नव्याने मागून घ्यावा लागतो, आणि दुपारपर्यंत संपतो."

दिवस मावळायच्या आत राग सोडावा, ही शिकवण आमच्या ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ करून घेतात. आम्ही ती पाठ केली. आत्याने ती घड्याळ पाहून पाळली. दुपारी ई-रिक्षावाल्याशी वाजलं की संध्याकाळी ही चपला घालून स्टँडवर हजर. "भैया, दोपहर को मैं ज़्यादा बोल गई." तो बिचारा विसरूनही गेलेला असायचा. डिसेंबर लागला की ती जरा सांभाळून असे. म्हणायची, "हिवाळ्यात भांडण परवडत नाही गं. दिवस लहान असतो."

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नगरकडून झाँसीला आले आणि इथलेच झाले. आत्या इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नाही, निवृत्त झाली, तरी सगळ्या गावाची ती सिस्टरजीच राहिली. आमचं चर्च हिंदी, बाजार हिंदी, शेजार बुंदेली. मनसोक्त मराठी बोलायला तिला एकच माणूस होतं, लक्ष्मी गेटजवळच्या माईकाकी. काकींचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं. कपाटाला त्या अजून फडताळ म्हणतात. त्यांच्या दोन्ही सुना इकडच्या, त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही.

या दोघी रोज भांडत, आणि फक्त मराठीत. त्यामुळे सुनांसमोर कुणाचीच अब्रू जात नसे. काकी म्हणायच्या, "सिस्टर आली नाही तर मला जेवण पचत नाही." आत्याला ते फार आवडायचं, पण कबूल करायची नाही.

काकींना मधुमेह. त्यांच्या पायाला जखम झाली आणि काही केल्या भरेना, तेव्हा आत्या रोज दुपारी जाऊन ती बांधून द्यायची. एका दुपारी पट्टी काढायला फडताळ उघडलं, तर कापसामागे पेढ्यांचा डबा. अर्धा रिकामा. आत्याचा तोल गेला. दोन्ही सुना आणि शेजारीण तिथेच उभ्या होत्या, त्यांच्यासमोर ती चक्क हिंदीत कडाडली, "चोरी से मिठाई खाती हैं. पैर कट जाएगा, तब समझेंगी." काकींनी पाय ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

आत्या मानिक चौकापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. ऊन अजून होतं. दाराशी उभी राहून म्हणाली, "माई, चुकलं माझं." धाकटी सून बाहेर येऊन म्हणाली, "अम्मा सो रही हैं, सिस्टरजी." काकी या वेळी कधी झोपत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या दिवशी सूर्य भांडण तसंच ठेवून मावळला.

मग आत्या रोज जायची आणि दाराच्या पायरीवर बसायची. काकी तिला पायाला हात लावू देत नव्हत्या, म्हणून आत सून पट्टी बांधायची आणि ही बाहेरून विचारायची, "किनारे लाल तो नहीं हैं? बहू, ज़्यादा कसना मत." मला काही ते बघवेना. मी म्हटलं, "आत्या, तू माफी मागितलीस, तुझं काम झालं. त्यांना नसेल बोलायचं तर जाऊ दे ना."

"माझा राग मावळला. तिचा तिच्या वेळेला मावळेल," ती म्हणाली. "धीर दुसऱ्यासाठीच धरायचा असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तिला जाऊ दिलं तर मी मराठीत बोलू कुणाशी? तुझं तर निम्मं हिंदीच असतं."

नाताळाआधीच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे गेले, आत्या बाकावरच बसून राहिली. माना वळल्या, कुजबुज झाली. मी हात धरून उठवायला गेले तर हळूच म्हणाली, "आधी तिकडचं मिटू दे, भांडण बाकी ठेवून भाकर घेऊ नये. मग येईन." इतक्या वर्षांत तिला भाकर न घेता परतताना मी पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.

त्याच दुपारी आम्ही नाताळाचा फराळ बनवायला बसलो. करंजी मुडपता मुडपता आत्याचा हात थांबला. "मी रागावले हिंदीत, सगळ्यांसमोर," ती म्हणाली, "आणि माफी मागितली मराठीत, दाराआडून. सुनांना काय कळलं असणार?" तिने कढई उतरवायला सांगितली, साडीदेखील बदलली नाही. डबे भरले आणि मला घेऊन निघाली.

काकींच्या अंगणात तिने दोन्ही सुनांना बोलावलं, शेजारणीलाही हाक मारली. आणि मोठ्याने म्हणाली, "उस दिन मैंने माई को तुम सबके सामने चोर कहा. गलती मेरी थी. मिठाई वाली बात सही थी, पर कहने का तरीका गलत था." मी कपाळाला हात लावला. माफी मागतानाही पेढे सोडवेनात तिला.

आतून खोकला ऐकू आला, आणि मागोमाग काकींचा आवाज. "सिस्टर, आत ये. आणि ते हिंदी आवर, ऐकवत नाही."

आत्या आत गेली आणि न विचारता त्यांचा पाय मांडीवर घेतला. डबे उघडले, तर करंज्या सुनांना आणि काकींना नुसत्या चकल्या. त्यावरून दोघींची पुन्हा जुंपली, अस्सल मराठीत. सुना एकमेकींकडे पाहून हसत होत्या. समोरच्या भिंतीवर ऊन अजून होतं.

पाय बरा झाला. आत्या गेल्या थंडीत झोपेतच गेली. काकी सुनेचा हात धरून कबरस्तानात आल्या होत्या, त्याच पायाने.

आता संध्याकाळची मी काकींकडे जाते. माझं मराठी ऐकून त्या कपाळाला आठ्या घालतात, पण गेले नाही तर फोन येतो. काल सकाळी माझं भावाशी वाजलं होतं. मी काही बोलले नव्हते, तरी काकींनी चहा पुढे करता करता माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कुणाशी?"

"भावाशी."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. "मग इथे काय बसलीस? ऊठ. ऊन आहे अजून."