विजेता नसलेलं वर्ष

आज मी इंजिनिअर आहे तो शाळेतल्या कबड्डीच्या सरांमुळे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी शिकलं नव्हतं. सरांनी कॉलेजचा फॉर्म माझ्याकडून मैदानावरच, मातीच्या हातांनी भरून घेतला. त्याआधी पाच वर्षं ते मला एकच गोष्ट शिकवत होते : निसटणाऱ्याचा घोटा सोडायचा नाही.

त्या पकडीने जर्मनीत, आखन शहरात, एका माणसाचं हाड मोडलं.

मी तिथे मास्टर्स करत होतो आणि रविवारी एका छोट्या क्लबकडून फुटबॉल खेळायचो, अगदी खालच्या गटात. हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकेल त्याचं गटाचं विजेतेपद. बरोबरी असताना त्यांचा फॉरवर्ड मला चकवून गोलकडे सुटला. मी झेपावलो आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. तो खांद्यावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

पंच लाल कार्ड काढत होते तोवर त्यांच्या गोलकीपरने माझ्या जबड्यावर ठोसा मारला. आमच्या कप्तानाने त्याला डोक्याने धडक दिली. मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. एकाचं नाक फुटलं, एकाच्या मांडीत बुटाचे खिळे रुतले, कोणी तरी कोपऱ्यातला झेंडा उपटून काठीसारखा फिरवला. कार्डं आणि जखमी मोजून त्यांचे सहाच उरले. सातपेक्षा कमी खेळाडूंनी खेळता येत नाही, म्हणून सामना थांबला. आठवड्याने विजेतेपद आम्हाला दिल्याचं पत्र आलं.

क्लबच्या खोलीत बिअर उघडली. ही पकड भारतात सगळ्यांना शिकवतात का, असं कप्तानाने विचारलं. सगळे हसले, मीही हसलो. क्लबचे म्हातारे सचिव हसले नाहीत. त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. राष्ट्रीय लीग नव्हती तेव्हा प्रांतोप्रांतीचे विजेते बाद फेरीत खेळून देशाचा विजेता ठरवत. पहिल्या महायुद्धानंतर एकदा अंतिम सामना तीन तासांहून जास्त चालला, अंधार पडला, तरी निकाल लागला नाही. पुन्हा खेळवला तर लाथा, हकालपट्ट्या, जखमी. एका संघाचे सातच उरले आणि तेव्हा निदान आठ हवेत असं धरून पंचांनी खेळ बंद केला. महासंघाने दुसऱ्या संघाला विजेता ठरवलं, पण त्या क्लबने शेवटी किताब सोडला. त्या वर्षाला विजेताच नाही.

कप्तान म्हणाला, "हे बघा, ती देशाची फायनल होती. आपण तळातले. आपल्याला पुन्हा कधी मिळणार?"

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. "घोटा तू धरलास. तू सांग."

मी म्हणालो, "मला नको."

कप्तानाने बाटली भिंतीवर फोडली. एक काच माझा कान चिरत गेली. मग मतं घेतली. एका मताच्या फरकाने आम्ही किताब परत केला. कप्तान माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

त्याच आठवड्यात सरांना पत्र टाकलं :

"सर, नमस्कार. तुमची पकड मी चुकीच्या मैदानावर वापरली. समोरचा माणूस सुतार आहे. आता दोन महिने त्याला रंधा धरता येणार नाही. मी हॉस्पिटलात जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, खेळात होतं असं. पण एक गोष्ट त्याला सांगता आली नाही, इथे कोणालाच सांगितलेली नाही. शिट्टी झाली की सोडायचं, हेही तुम्ही रोज सांगायचात. शिट्टी झाली होती, तो ओरडत होता, आणि मी घोटा धरूनच होतो."