उंबऱ्याबाहेरचे वडील

नाम्फामो आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे आमचे बिशप. सगळा जन्म तेलाच्या घाण्यावर गेलेला, त्यामुळे त्यांनी आशीर्वादाला हात उचलले की आधी जैतुनाचा वास यायचा. प्रत्येकाने देवांपुढे धूप टाकावा असा रोमच्या बादशहाचा हुकूम आला, तेव्हा ते डोंगरात लपले आणि तिथूनच मंडळी सांभाळत राहिले. गावाने त्यांना पळपुटे ठरवलं. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

कारण मी तुरुंगात जाऊन आलो होतो. शिपाई आले तेव्हा सगळे मागच्या खिडकीतून पळाले. मीही पळतच होतो, पण पोट आडवं आलं. धूप टाकायला वेदीपुढे उभं केलं, तर भीतीने माझी दातखीळ बसली, हातही उचलेना, आणि शिपायांना वाटलं, गडी बाणेदार आहे. पुढे बादशहा मेला, मी सुटलो, वडील डोंगरातून परतले, आणि मंडळीत माझी वर्णी थेट वडिलांशेजारच्या आसनावर लागली. बायाबापड्या माझ्या मनगटावरचे बेड्यांचे वळ चुंबायच्या. वळ बुजायला लागले तेव्हा मला फार वाईट वाटलं.

माझी थोरली बहीण सानामे मात्र प्रार्थनाघराच्या उंबऱ्याबाहेर. विधवा बाई. शिपाई पोरांना ओढून नेतो म्हणाले, तेव्हा तिने चिमूटभर धूप टाकला होता. सगळ्या गावांचे बिशप एकत्र बसून ठरवेपर्यंत अशांनी दाराबाहेर उभं राहायचं, उपासनेत सगळ्यांना वाटतात ती प्रभूची भाकरी त्यांना नाही. मी वडिलांना म्हणालो, तिला आत घ्या, हा बेड्या घातलेल्या माणसाचा शब्द आहे. ते म्हणाले, शब्द मोठा आहे, पण सगळ्यांना विचारल्याशिवाय नाही. मग मी माझ्या घरी वेगळी भाकरी मोडतो, असं सुनावून मी निघून आलो. त्यानंतर तिकडे फिरकलो नाही.

प्रभूच्या वारी, म्हणजे रविवारी, मी स्वतः पीठ मळलं, द्राक्षारस ओतला, निम्मं गाव लोटेल म्हणून शेजाऱ्यांची बाकं आणून ठेवली. आली एकटी सानामे, तीही उभीच राहिली.

"बस की ताई. तुझ्यासाठीच केलंय."

"तेच तर. नुसतं माझ्यासाठी असतं तर माझ्याही चुलीवर झालं असतं. मी सगळ्यांत बसायला थांबलेय, मिग्गिन. जाते मी, वडील बाहेर उभे असतील."

वडील बाहेर कशाला उभे राहतील, हे मला कळेना. भाकरी तशीच टाकून तिच्यामागे गेलो. आतल्यांना वाटून झाल्यावर, स्वतः न खाता, म्हातारा खरंच दाराबाहेर त्या धूप टाकलेल्यांच्या रांगेत उभा होता.

"तुम्ही इथे का?" मी विचारलं.

"मी पळालोच होतो ना. तूच सांगत होतास गावभर." चेहऱ्यावर राग नव्हता. "तू आत जा. तुझं आसन रिकामं ठेवलंय."

मला रडू आलं. आत जाववेना, पळता तर मला कधीच आलं नव्हतं. मी तिथेच रांगेत शिरलो, आणि या वेळी कुठे अडकलो म्हणून नाही. सानामेने सरकून मला जागा करून दिली. बरीच लागली.